ईस्टरचं नाटक बसवताना शनिवार गाळू नका

प्रश्न इंदूरमधल्या एका ख्रिस्ती मंडळीच्या तरुण संघाकडून आला आहे. ईस्टरच्या सकाळी चर्चमध्येच, वेदीसमोर, अर्ध्या-पाऊण तासाचं येशूच्या पुनरुत्थानाचं नाटक करायचं आहे. गेल्या वर्षभरात मंडळीतल्या काही घरांत मृत्यू झाले, म्हणून पाळकांनी ‘दुःख आणि आशा’ असा विषय सुचवला. हाताशी दहा-बारा जण आहेत, त्यातल्या निम्म्यांना मराठीपेक्षा हिंदी बोलायला सोपी. सुरुवात कुठून करावी, येशूला दाखवावं की नाही, आणि ज्यांच्या घरात दुःख ताजं आहे त्यांना हे सोसेल का, असं तुम्ही विचारलं आहे.

मी हौशी रंगभूमीवरही नाटकं बसवते आणि चर्चमध्येही, त्यामुळे दोन्हीकडच्या खोडी मला ठाऊक आहेत. सुरुवातीचं सांगायचं तर नाटक शनिवारपासून सुरू करा. शुक्रवारपासून नको.

ईस्टरची बहुतेक नाटकं शुक्रवारी, म्हणजे येशूला वधस्तंभावर खिळलं त्या दिवशी, सुरू होतात. चाबूक, खिळे, लाल रंग, पत्र्याचा गडगडाट, काळोख. मग दिवे लागतात, कीबोर्डवर तुतारी वाजते आणि पांढऱ्या झग्यातला येशू हात पसरून उभा राहतो. मधला शनिवार दोन मिनिटांच्या अंधारात संपतो, तेवढ्यात कबरेच्या तोंडावरची धोंड सरकवून घेतात. पण ज्यांनी माणूस गमावलाय ते लोक त्या गाळलेल्या दिवसातच राहत असतात. त्यांच्यापुढे शुक्रवार पुन्हा उभा करायची गरज नाही, तो त्यांनी दवाखान्यात पाहिलेला आहे. आणि त्यांच्याकडे न पाहता थेट तुतारी वाजवली तर ती दुसऱ्याच कुणासाठी वाजते आहे असं त्यांना वाटतं. शिवाय दोनच दिवसांपूर्वी, उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला), बारा ते तीन बसून सगळ्या मंडळीने वधस्तंभावरच्या सात उद्गारांवरचे संदेश ऐकलेले असतात. ती गोष्ट परत सांगण्यात तुमच्या पाऊण तासातला अर्धा वेळ का घालवायचा?

शनिवारबद्दल शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधल्या मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांनी सांगितलेल्या येशूच्या चरित्रांत, फारसं काही नाही. मत्तयात कबरेवर पहारा बसवल्याचा उल्लेख आहे. लूक एका वाक्यात सांगतो की स्त्रियांनी सुगंधद्रव्यं आणि तेलं तयार केली आणि शब्बाथ दिवशी आज्ञेप्रमाणे विसावा घेतला. नाटक लिहिणाऱ्याला एवढं खूप झालं. शब्बाथ म्हणजे यहुद्यांचा विसाव्याचा दिवस, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत. शुक्रवारी दफन घाईत उरकलं ते यामुळेच, आणि दुसऱ्या दिवशी या बायकांना कामाला हात लावता येत नाही. दळण नाही, चूल नाही, कबरेकडे जाणं नाही. दुःखात माणूस हाताला काहीतरी काम शोधतो, आणि इथे नेमकं तेच बंद आहे. म्हणून पहिल्या प्रवेशात तीन-चार जणी एका खोलीत बसलेल्या आहेत, मध्ये खलबत्ता ठेवलेला आहे आणि त्याला कुणी शिवत नाही. एकीचा हात सवयीने बत्त्याकडे जातो, दुसरी नुसती बघते, हात मागे येतो. सूर्य मावळल्याची खूण झाली की मग कुटायला सुरुवात. तो आवाज संपूर्ण नाटकाचं पार्श्वसंगीत आहे, दुसरं काही लागत नाही. या प्रवेशाला मी पंधरा मिनिटं देईन. लोक चुळबुळ करतील असं तुमच्यातला कुणीतरी म्हणेलच. पहिली तीन मिनिटं करतात, नंतर करत नाहीत.

सुगंधद्रव्यांचा मुद्दा जपून हाताळा, कारण मंडळीतलं एखादं वडीलधारं माणूस हे विचारणारच. योहानाच्या शुभवर्तमानात दफनाच्या वेळी निकदेम नावाच्या माणसाने गंधरस आणि अगरूचं शंभर लिट्रा मिश्रण आणलं होतं, म्हणजे आजच्या हिशेबात तीस किलोंच्या वर. मग या बायका पुन्हा कशाला कुटतायत? याचं उत्तर टीप देऊन देऊ नका, संवादात द्या. एक म्हणते, “निकदेमाने आणलं होतं ना इतकं?” दुसरी म्हणते, “त्यांनी आणलं. आपल्या हातून काय झालं?” एवढं पुरतं. २०२० आणि २०२१ मध्ये ज्यांनी आपलं माणूस प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं लांबून पाहिलं, अंघोळ घालता आली नाही, कपाळाला हात लावता आला नाही, ते लोक तुमच्या बाकांवर बसलेले असतील. त्यांना या ओळीचा अर्थ सांगावा लागणार नाही.

याच प्रवेशात समाचाराला आलेली माणसं आणा. आपल्याकडे दुःखाच्या घरात सगळ्यात अवघड काय असतं तर सांत्वन. “देवाची मर्जी.” “सुटला बिचारा.” “आता तुम्हीच खंबीर व्हायला हवं.” बोलणारे वाईट नसतात, गप्प बसवत नाही म्हणून बोलतात. ही वाक्यं एका शेजारणीला द्या, आणि ती खलनायिका होऊ देऊ नका. ती डबा घेऊन आलेली असू दे. भाषेची तुमची अडचणही इथेच सुटते. घरातली माणसं आपसात मराठी बोलतात, शेजारीण हिंदीत बोलते, “होनी को कौन टाल सकता है, बहन,” आणि घरातली बाई तिला हिंदीत उत्तर देऊन पुन्हा मराठीत गप्प होते. आपण इंदूरचे लोक दिवसभर हेच करत असतो. ज्या मुलांची जीभ मराठीत अडखळते त्यांना पाठ केलेलं पुणेरी मराठी देऊ नका. त्यांना देवनागरी वाचता येते म्हणजे संवाद तोंडात बसतील असं नाही. त्यांना शेजारी करा, पहारेकरी करा आणि हिंदीत मोकळं बोलू द्या. म्हणून यरुशलेमचं इंदूर मात्र करू नका. ‘येशू आज इंदुरात आला तर’ हा प्रकार मला पटत नाही. गाव यरुशलेमच, कबर तिथलीच, बोली आपली.

येशूचा शिष्य पेत्र याच खोलीत कोपऱ्यात बसलेला हवा. त्याला एकही वाक्य देऊ नका. ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणून त्याने येशूला तीन वेळा नाकारलं आहे हे सगळ्यांना माहीत आहे. ‘वेळेवर मोठ्या दवाखान्यात नेलं असतं तर’ असा सल मनात असलेला माणूस प्रत्येक मंडळीत असतो, तो पेत्राकडेच बघत राहील. इथे लेखकाला भाषण लिहायचा मोह होतो. लिहा, आणि तालमीत काढून टाका.

अभिनयाबद्दल एकच नियम पुरे: रडायचं नाही. हौशी नटी रडायला लागली की प्रेक्षक तिचं रडणं जमतंय का ते बघतो. रडू आवरायचं, किंवा दुसऱ्याच गोष्टीवरून चिडायचं. घोंगडी कुणी नीट घडी घातली नाही, पाणी कुणी सांडलं, दार उघडं का ठेवलं. दुःखाच्या घरात भांडणं अशाच क्षुल्लक गोष्टींवरून होतात.

आता रविवार. चार शुभवर्तमानांत या सकाळचे तपशील वेगवेगळे आहेत. मत्तयात धोंडेवर बसलेला एक देवदूत, मार्कात पांढऱ्या झग्यातला एक तरुण, लूकमध्ये लखलखीत वस्त्रांतले दोन पुरुष, योहानात आत बसलेले दोन देवदूत. चारही एकत्र कालवू नका, एक धरा. मार्क मोहात पाडतो, कारण सर्वांत जुन्या मोठ्या हस्तलिखितांत ते शुभवर्तमान सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीवर थांबतं: बायका थरथरत पळाल्या आणि भीतीमुळे कुणाला काही बोलल्या नाहीत. रंगभूमीवर हा शेवट जबरदस्त आहे. पण तुमच्याकडे ताज्या दुःखाची घरं आहेत, आणि त्यांना तिथे सोडून देणं मला क्रूर वाटतं. तुमच्यासाठी योहान, विसावा अध्याय.

योहानात मरीया मग्दालीया अंधारात कबरेपाशी येते, धोंड काढलेली बघते आणि धावत जाऊन पेत्राला आणि दुसऱ्या शिष्याला सांगते. ते दोघे पळत सुटतात, दुसरा पेत्राच्या पुढे जातो, दारात थबकतो, पेत्र मागून येऊन थेट आत घुसतो. ही शर्यत मधल्या वाटेने खरोखर पळवा. लोक हसतील, लहान मुलं तर नक्कीच. हसू द्या. पंधरा मिनिटं श्वास रोखून बसलेल्या माणसांना त्याची गरज असते, आणि शनिवारभर न हललेला पेत्र पळतोय हे लक्षात यायला कुणाला निवेदक लागत नाही.

कबर थर्माकोलची करू नका. थर्माकोलची धोंड ढकलताना हलकी आहे हे शेवटच्या बाकावरूनही कळतं, आणि ती एकदा डुगडुगली की पुढचा देवदूत कुणी मनावर घेत नाही. मांजरपाटाचं पाच-सहा मीटर कापड पुरेल, धुऊन खळ काढलेलं, शुभ्र नाही, कोऱ्या कपड्याच्या पिवळसर रंगाचं. योहान लिहितो की तागाची वस्त्रं पडलेली होती आणि डोक्याचा रुमाल वेगळा, गुंडाळून एका बाजूला ठेवलेला होता. दोन कापडं दिसली म्हणजे कबर झाली.

याला फार जुना आधार आहे. इंग्लंडमध्ये ९७० च्या सुमारास विंचेस्टरचा बिशप एथेलवोल्ड याने मठांसाठी जी नियमावली तयार केली तिच्यात ईस्टरच्या पहाटेच्या उपासनेत करायचा एक छोटा प्रवेश सविस्तर लिहिला आहे. एक मठवासी हातात ताडाची फांदी घेऊन कबरेपाशी बसतो. तिघे धूपपात्रं घेऊन काहीतरी शोधत असल्यासारखे हळूहळू येतात. बसलेला गाऊन विचारतो, कोणाला शोधता? ते उत्तर देतात. तो म्हणतो, तो इथे नाही, उठला आहे. मग ते तिघे कापड उचलून सगळ्यांना दाखवतात आणि घंटा वाजू लागतात. युरोपातल्या मध्ययुगीन नाटकाचा इतिहास या प्रश्नोत्तरापासून सांगायची प्रथा आहे. त्यात उठलेला येशू कुठेच येत नाही. रिकामं कापड तेवढं दिसतं.

आता येशूला दाखवायचं का? योहान धरल्यावर माळ्याचा प्रसंग टाळता येत नाही, तेव्हा माणूस लागेल. पण तो मंचावर नको. मजकूर बारकाईने वाचलात तर मरीया दोनदा वळते. आधी वाकून कबरेत बघते, मग मागे वळते आणि येशू उभा दिसतो, पण ती त्याला माळी समजते. “महाराज, तुम्ही त्याला नेलं असेल तर कुठे ठेवलंत ते सांगा.” आणि तो नाव घेतो तेव्हा ती पुन्हा वळते, असं लिहिलं आहे. म्हणजे मधल्या काळात तिचं तोंड परत कबरेकडे गेलेलं आहे. योहानाने इथे तुम्हाला हालचाल लिहून दिलीय, तीच वापरा. कबर मंचावर, मागच्या बाजूला. माळी मंडळीच्या पाठीमागे, मुख्य दाराशी. मरीया पहिल्यांदा वळते ती अर्धवट, लोकांच्या डोक्यांवरून बघत बोलते आणि उत्तराची वाट न पाहता पुन्हा पाठ करते. मागून हाक येते, “मरीये.” दुसऱ्यांदा ती पूर्ण वळते तेव्हा तिचा चेहरा सगळ्या मंडळीसमोर असतो. पुनरुत्थान लोकांना तिच्या चेहऱ्यावर दिसतं. काहीजण मान वळवून मागे बघतील, त्याने बिघडत नाही, एक साधा माणूस उभा दिसेल.

हाक माइकवर नको, घुमवलेली तर मुळीच नको. घरात स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारतात तितकीच. यासाठी मंडळीतला गोरा, लांब केसांचा तरुण शोधू नका, आवाज बघून निवडा. आमच्याकडच्या एका नाटकात हे काम बँकेतून निवृत्त झालेल्या गृहस्थांनी केलं होतं आणि त्यांच्याइतकं बरोबर कुणाचं आलेलं मी ऐकलेलं नाही.

यापुढे मरीया वाटेने त्याच्याकडे धावते. “मला धरून ठेवू नकोस” ही ओळ तिथेच येते, ती कापू नका. आशेच्या नाटकात सगळ्यात प्रामाणिक वाक्य तेच आहे. माणूस परत आला, पण पूर्वीसारखा घरात राहायला आलेला नाही. दुःखातल्या माणसाला हे कळतं. “आता सगळं ठीक झालं” असं सांगणाऱ्या नाटकावर तो विश्वास ठेवणार नाही. मग मरीया वळून मंडळीलाच सांगते, “मी प्रभूला पाहिलं,” आणि नाटक संपतं. संशय घेणाऱ्या थोमा या शिष्याचा प्रसंग याच अध्यायात आहे आणि उठलेल्या देहावर जखमा तशाच आहेत हे फार मोलाचं आहे, पण त्याला वेगळा वेळ लागतो. अम्माऊस गावाकडे जाणाऱ्या दोघा शिष्यांची वाटही इथे नको. ‘आम्हाला आशा होती’ असं सांगत चालणारे ते दोघे संध्याकाळचे आहेत. संध्याकाळच्या उपासनेत दोघाजणांचं वेगळं नाटुकलं करा, साताठ मिनिटांत होतं.

वेशभूषेत डोक्याला टॉवेल बांधू नका. साधे सुती, विटक्या रंगांचे कपडे. देवदूतांना पंख नकोत, झिलमिल नको.

इमारतीची पाहणी मात्र नीट करा, नाटकं बहुतेक इथेच पडतात. चर्चची बाकं एका पातळीत असतात, त्यामुळे चौथ्या रांगेमागे बसलेल्यांना कमरेखालचं काही दिसत नाही. तुमचा शनिवार बसून खेळायचा आहे, म्हणजे दोन फुटांच्या चौक्या हव्यातच, आणि बायका जमिनीवर नाही तर बुटक्या स्टुलांवर बसतील. वेदीला नेपथ्य समजू नका, तिच्यावर वस्तू ठेवू नका, तिच्यापुढे किती जागा वापरायची हे पाळकांना आणि पंचमंडळाला विचारून आखून घ्या. दगडी, उंच छताच्या इमारतीत आवाज घुमतो, तेव्हा मोठ्याने नाही, सावकाश बोलायचं आणि वाक्याचा शेवट गिळायचा नाही. पंखे. मार्च-एप्रिलमध्ये ते चालू असतात आणि निम्मे संवाद खातात. पहाटेच्या उपासनेत बंद ठेवता येतात, दहाच्या उपासनेत बंद केले तर म्हाताऱ्या माणसांचे हाल होतील. धूर सोडायचं यंत्र याच कारणाने नको.

पहाटेचं मी सुचवेन. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिलच्या दरम्यान येतो. त्या दिवसांत इंदूरला एप्रिलच्या सुरुवातीला सव्वासहाच्या सुमारास सूर्य उगवतो. साडेपाचला सुरू केलंत तर शनिवार खऱ्या अंधारात होतो, दोन कंदील पुरतात, आणि माळ्याच्या प्रसंगापर्यंत खिडक्या उजळलेल्या असतात. हा प्रकाश भाड्याने मिळत नाही. फक्त आधी एका पहाटे जाऊन कुठली खिडकी उजळते ते बघा. परंपरेने वेदी पूर्वेला बांधतात, म्हणजे उजेड तिच्यामागून येईल आणि मुख्य दार पश्चिमेला अंधारातच राहील. नंतर बांधलेल्या चर्चमध्ये प्लॉटप्रमाणे दिशा बदललेल्या असतात. अंगणात करायचं असेल तर लक्षात ठेवा: २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. तसंही तुमच्या नाटकाला तो लागू नये.

तालमींचं वेळापत्रक मागून मोजत आखा. परीक्षा असतातच. आणि इंदूरमध्ये रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उडवत निघणारी मिरवणूक, धरून चाला. २०२४ मध्ये रंगपंचमी ३० मार्चला होती आणि ईस्टर ३१ ला, म्हणजे रंगीत तालमीच्या दिवशी निम्मं शहर गेर बघायला राजवाड्याच्या चौकात आणि उरलेलं घरात. अशा वर्षी रंगीत तालीम गुरुवारच्या आधी उरका, शुक्रवारी तर नाहीच, मुलं सकाळपासून चर्चमध्ये असतात.

ज्या घरांत मृत्यू झाला आहे तिथे तालमी सुरू होण्याआधी जा. पाळकांबरोबर, दोघांनी, तरुणांचा घोळका नको. नाटकात काय असेल ते सरळ सांगा: खोली, समाचार, कबर, हाक. त्यांच्या घरातलं एकही वाक्य, एकही वस्तू न विचारता उचलू नका, सगळ्यांना ओळखू येतं. कुणी म्हणेल, आम्ही येत नाही. त्यांना आग्रह नको, उपासनेला नाटकानंतर येता येईल अशी वेळ सांगा. कुणी उलट म्हणेल, मला काम द्या. द्या, पण मरीयेचं नको. कुटणाऱ्यांपैकी एक करा, हाताला काम असतं आणि संवाद थोडे. तिची जागा घेऊ शकेल अशी दुसरी मुलगी तयार ठेवा, आणि काम मागणारीला हे आधीच सांगा, म्हणजे आयत्या वेळी नाही म्हणायला तिला लाज वाटणार नाही. दाराजवळची दोन बाकं मोकळी ठेवा, तिथे एक समजूतदार माणूस बसवा ज्याचं काम फक्त उठून बाहेर जाणाऱ्याच्या मागे पाण्याचा पेला घेऊन जाणं आहे. सल्ला द्यायचा नाही.

गाणी कमी. शनिवारात एकही नाही. शेवटच्या ओळीनंतर लगेच वाद्यं सुरू केलीत तर मरीयेचं वाक्य वाया जातं, म्हणून पेटीवाल्याला मनात वीसपर्यंत मोजायला सांगा. मग ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातलं सगळ्यांच्या तोंडी असलेलं ईस्टरचं गीत, पहिलं कडवं पेटीवर सावकाश, ढोलकी आणि झांजा दुसऱ्या कडव्यापासून. ना. वा. टिळकांची भजनं ज्या मंडळीत रुळलेली आहेत तिथे भजनच घ्या. नटांनी ओळीने उभं राहून नमस्कार करू नये, त्यांनी त्याच कपड्यांत बाकांवर जाऊन बसावं आणि गावं. टाळ्यांचं काय, हे पाळकांशी आधी बोलून ठेवा. कुणी वाजवल्याच तर हात करून थांबवू नका, गीत सुरू झालं की आपोआप थांबतात.